सभागृहातलं पोतं

२ मार्च, सोमवार

आणलं एकदाचं! मंत्र्यांनी पोतं सभागृहात आणलं. दोन शिपाई पुढे, दोन मागे, मध्ये ट्रॉलीवर महाराज. अध्यक्षांसमोरच्या टेबलावर स्थापना. सुतळी, लाखेचं सील, सहीची चिठ्ठी.

गेल्या वर्षी बंदरावर पकडलेल्या मालातलं हे शेवटचं पोतं. बाकीची पांढरी पूड मंत्र्यांनी कॅमेऱ्यांसमोर भट्टीत जाळली आणि पुरावा म्हणून एवढं ठेवलं. विरोधी पक्षनेते — पत्रकार कक्षात त्यांचं नाव भोंगा — तेव्हापासून ओरडतायत: जळला तो खडू! खरा माल मागच्या दाराने परत शेठकडे गेला! हिंमत असेल तर पोतं इथे आणा!

आणलं. तर भोंगा बसला खाली. रुमालाने मान पुसत.

‘शेठ’ म्हणजे कोण, हे सभागृहात एकालाही ठाऊक नाही म्हणे. त्याच्या मुलीच्या लग्नात मंत्री आणि भोंगा एकाच कोचावर होते. आइस्क्रीम खात. मी पाहिलंय.

३ मार्च, मंगळवार

दिवसभर चर्चा. विषय अमली पदार्थ आणि संघटित गुन्हेगारी. प्रत्यक्षात विषय एकच — पोतं उघडायचं की नाही.

मंत्री म्हणतात, ‘सील तोडणं म्हणजे पोलिसांवर अविश्वास.’ भोंगा म्हणतो, ‘उघडून काय होणार? आम्हाला न्यायालयीन चौकशी हवी.’ सरळ आहे. आत खडू निघाला तर मंत्री उघडे पडतात, खरा माल निघाला तर भोंगा. दोघं पोत्याकडे बघतात ते घरात साप निघाल्यासारखे. काठी मात्र कुणी उचलत नाही.

एका सदस्याने विचारलं, वासाने नशा चढेल का? अध्यक्षांनी त्याला गंभीरपणे उत्तर दिलं!

आणि मग भोंगा जाता जाता बोलून गेला: ‘गोदामाचा किल्लीवालाच विकला गेला असेल तर सीलला काय चाटायचंय?’

किल्लीवाला म्हणजे माझा धाकटा भाऊ.

४ मार्च, बुधवार

भावाकडे गेले. घरात त्याचं नाव कुलप्या. लहानपणी खोडरबरसुद्धा कुलपात ठेवायचा. जप्तीच्या गोदामावर त्याची नेमणूक झाली तेव्हा आई म्हणाली होती, सरकारने पहिल्यांदा योग्य माणूस निवडला.

आज अर्धी पोळीही खाल्ली नाही त्याने. भावजय म्हणाली, ‘ताई, शेजारी बघतात हो आमच्याकडे. पोरीला शाळेत कुणीतरी म्हणालं, तुझ्या बाबांनी किती पोती विकली?’

मी सरळ विचारलं, ‘सगळं व्यवस्थित आहे ना रे?’

‘किल्ली माझ्याकडेच असते ताई. रात्री उशाशी.’

मग झालं तर! उद्या आत काहीही निघालं तरी मंत्री जाणार नाहीत आणि भोंगाही जाणार नाही. जाईल तो किल्लीवाला. आणि उघडलंच नाही तर याच्यावरचा डाग जन्मभर. ते पोतं उघडायलाच हवं. त्याच्यासाठी.

५ मार्च, गुरुवार

संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं. ‘बाई, गोदामावर तुमचा भाऊ ना?’

‘हो.’

‘मग पोत्यावरचा अग्रलेख दुसऱ्या कुणाला—’

‘माझा भाऊ आहे म्हणूनच सांगते, आत माल आहे. तुमच्या त्या दुसऱ्या कुणाला काय माहीत आहे?’

चष्मा पुसत बसले. पान सात वाजता छपाईला जातं म्हणाले. अडीच तास हातात होते, दीड तासात दिला. शेवटचं वाक्य — ‘कात्री लावा, आणि आत काय आहे ते जनतेला दाखवा.’ फार काही वाक्य नाही. पण अशा लोकांशी पाल्हाळ कशाला?

६ मार्च, शुक्रवार

तोडगा निघाला! पोतं न उघडता वजन करायचं. काटा मागवला, चौघांनी उचललं, चिठ्ठीवरच्या आकड्याशी वजन तंतोतंत जुळलं. बाकं वाजली. ‘सभागृहाचं समाधान झालं आहे’ — अध्यक्ष. मंत्री आणि भोंगा एकाच वेळी पाणी प्यायले.

वजन खडूलाही असतं, मूर्खांनो.

कुलप्याचा फोन. आवाज मोकळा, हसतसुद्धा होता. ‘ताई, मिटलं गं एकदाचं.’

मिटलं? तुला चोर म्हणणारा माणूस तसाच सुटला, आणि मिटलं म्हणतोस! कणा म्हणून नाहीच याला. आई होती तोवर आईच्या पदराआड, आता माझ्या.

७ मार्च, शनिवार

दुसरा अग्रलेख. वजनकाट्यावर. जरा जास्तच तिखट झाला, पण संपादकांनी एक शब्द काढला नाही. ‘वाण्याच्या दुकानातसुद्धा पुडी उघडून दाखवतात.’ शेवटी पुन्हा तेच वाक्य — कात्री लावा.

८ मार्च, रविवार

कुलप्या फोन उचलत नाही. भावजय म्हणते, झोपलाय. भर दुपारी बाराला?

१० मार्च, मंगळवार

हसून पुरेवाट! लोक सभागृहाच्या फाटकावर कात्र्या आणून टाकतायत. शिंप्याच्या, न्हाव्याच्या, पोरांच्या कागद कापायच्या बोथट कात्र्या. एका आजीबाईंनी तर विळीच आणली. पहारेकरी वैतागला: ‘आजी, विळी चालत नाही.’ आजीबाई म्हणाल्या, ‘का रे बाबा? आतल्यांपेक्षा धार बरी आहे.’

उद्या छापतेय हे.

११ मार्च, बुधवार

निवडणूक तीन महिन्यांवर, त्यामुळे अक्कल आली. भोंगा सकाळी खिशात कात्री घालून सभागृहात हजर! ‘आमची पहिल्या दिवसापासून हीच मागणी आहे!’ हे ऐकून मंत्री ताडकन उठले — ‘उघडायला आम्ही कधी नाही म्हणालो?’ पाच मिनिटांत दोघंही पोत्याचे जन्मजात मित्र झाले. पत्रकार कक्षात मी इतक्या मोठ्याने हसले की मार्शलने वर पाहिलं.

संध्याकाळी कुलप्या ऑफिसच्या दाराशी. दाढी वाढलेली. आत येईना.

‘ताई, जाऊ दे ना आता. नको लिहूस.’

‘घाबरतोस कशाला? तुझंच नाव धुऊन निघणार आहे.’

‘तुला नाही कळायचं.’

‘मला नाही कळायचं? एवढी वर्षं या लोकांना बघतेय मी!’

दारावरच्या नोटिशीकडे बघत राहिला. मला पान लावायचं होतं, वर गेले.

१३ मार्च, शुक्रवार

जिंकले! ठराव एकमताने मंजूर. सोमवारी अकरा वाजता, प्रयोगशाळेच्या अधिकाऱ्यांसमोर, कॅमेरे चालू ठेवून. आणि ठरावाचा मजकूर ऐकताना खुर्चीतून उठलेच मी — ‘पोत्याला कात्री लावून आत काय आहे ते जनतेला दाखवावे.’ माझंच वाक्य! नुसती शेपटी सरकारी. चोरांना चोरी करायला निदान चांगली जागा सापडली.

संपादकांनी सगळ्यांना पेढ्याऐवजी बिस्किटं वाटली. ‘बाई, तुम्ही सरकार वाकवलंत.’

वाकवायला कणा लागतो, म्हटलं. हे तर गाठोडं आहे, हवं तिकडे लोटावं.

भावजयीला निरोप ठेवलाय — सोमवारी रात्री सगळे माझ्याकडे जेवायला. भोंग्याला सभागृहात माफी मागायला लावणार आहे मी.

१५ मार्च, रविवार

सकाळी कुलप्या आला. चपला न काढताच स्वयंपाकघरात उभा राहिला. किल्ली माझ्या ओट्यावर ठेवली.

‘किल्ली मी कुणाला दिली नाही, ताई. कधीच नाही. गोदामावरचे साहेब एवढंच म्हणाले, दार उघड आणि चहा पिऊन ये.’

मी विचारलं, मग?

‘मग काय. चहा प्यायलो.’

उद्या अकराला कात्री लागणार. माझ्या वाक्याने.