मानमोडीच्या मागनं

मी, वेणीमाधव नरहर मोहोळकर, वय पंच्याहत्तर, निवृत्त शिक्षक, राहणार भवानी पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि सकाळचा चहा घेऊन लिहीत आहे. चहाची नोंद मुद्दाम करतो, कारण परवा तो मी दोनदा मागितला असे माझे चिरंजीव गोपाळ यांचे म्हणणे आहे. खरे असेल. कालचे मला हल्ली आठवत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे मात्र स्वच्छ आठवते, आणि आज गरज त्याचीच आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे.

राहते घर, म्हणजे दोन खोल्या व पुढची पडवी, चि. गोपाळ यास मिळावे. त्याला एक अट आहे, ती पुढे येईल. पोस्टातली शिल्लक कन्या सौ. लीला हिची.

माझी पत्नी कै. यशोदा हिचे देवही लीलेने न्यावेत. यशोदेच्या हयातीत मी देवघराकडे फिरकत नसे. वर्तमानपत्राआडून तिची चेष्टा करी. ती गेल्यापासून अकरा वर्षे पूजा मीच करतो. आता गंध आधी की फूल आधी हे विसरतो, पण देवांनी अजून तक्रार केलेली नाही. देव आहे का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. मात्र त्या अर्ध्या तासात यशोदा नीट आठवते, आणि तेवढ्यासाठी मी आंघोळ लवकर उरकतो.

शब्दकोश गोपाळने ठेवावा. त्यात एक अर्थ राहून गेला आहे, तो मी शेवटच्या पानावर लिहिला आहे.

शेजारी रुद्रप्पा हत्तुरे यांनी बासष्ट सालच्या पावसाळ्यात माझी छत्री नेली. ती मी त्यांना देऊन टाकणार होतो. परंतु ते या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदारास काही देऊ नये असे वकील म्हणाले. सबब छत्री परत करावी.

आता मुख्य कलम.

१९२५ च्या जूनमध्ये मी करकंबच्या बाजूला एका वस्तीवरच्या शाळेत होतो. जन्मतारीख कोणाला ठाऊक नसे. मुलाने डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरला की त्याला शाळेत घ्यायचे आणि तारीख एक जून टाकायची. माझ्या लेखणीने निम्मे गाव एक जूनला जन्मले. रंभाबाई नागणे आपल्या कुंडलिकला घेऊन आली. कधी जन्मला, विचारले. ती म्हणाली, "मानमोडीच्या मागनं वर्सानं."

मानमोडी म्हणजे अठरा सालची तापाची साथ. मी शहरात शिकलेला. मागे म्हणजे पूर्वी, असे मुलांना शिकवणारा. पोरगे हाडापेराने थोराड, हात कान ओलांडून खाली आला. मी लिहिले, १ जून १९१७. तिला वाचून दाखवले नाही. पंचवीस वर्षांचा होतो, आणि आपल्याला मराठी येते याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

कुंडलिक पुढे होटगीला रेल्वेत पॉइंट्समन झाला. येत्या एकतीस मेला अठ्ठावन्न पुरी म्हणून त्याची नोकरी संपते. क्वार्टर सोडावे लागेल, आणि त्याच्या धाकट्या मुलीच्या मॅट्रिकला अजून दोन वर्षे आहेत. गेल्या आठवड्यात निरोपसमारंभाचे बोलावणे घेऊन मायलेक घरी आले. बोलता बोलता रंभाबाई म्हणाली, "माजा थोरला मानमोडीत गेला, गुरुजी. त्याच्या मागनं वर्सानं ह्यो झाला. ह्यो झाला न्हसता तर मी काय उठत न्हवते."

माझ्या हातातली बशी तशीच राहिली. त्या बाजूला मागनं म्हणजे नंतर. पुढे तीस वर्षे खेड्यांत काढून हे मी शिकलो, पण ती जुनी ओळ कधी पुन्हा आठवून पाहिली नाही. पोटचे पोर ज्या साथीत गेले, त्या साथीवरून तिने साल मोजले होते. याहून पक्का दाखला कोणता? आईच्या शब्दापेक्षा मी माझ्या व्याकरणावर विश्वास ठेवला, याची मला शरम वाटते.

चूक सांगितली तेव्हा कुंडलिक म्हणाला, "जाऊ द्या की, गुरुजी. तुमी लिवलंय नव्हं? मग माजा जल्म त्योच." एवढी श्रद्धा माझ्यावर कोणी ठेवायला नको होती. गोपाळ म्हणाला, "आप्पा, तुम्हाला कालचा चहा आठवत नाही. ऑफिसात तुमचा जबाब कोण धरणार?"

धरतील. दाखल क्रमांक चव्वेचाळीस. कुंडलिकच्या सदऱ्याला दोनच गुंड्या होत्या, आणि नाव लिहिताना माझ्याकडून 'क'च्या पोटात शाईचा थेंब पडला. रजिस्टर काढून पाहावे. थेंब तिथेच असेल.

सबब जाहीर करतो की कुंडलिक धोंडीराम नागणे याचा जन्म १९१९ सालचा असून नोंदीतली चूक सर्वस्वी माझी आहे. या कलमाचा प्रतिज्ञालेख करून गोपाळने उद्या सकाळी मला सोबत घेऊन कुंडलिकच्या ऑफिसात जावे. बाकीची कलमे मी मेल्यावर अमलात यावीत, हे मी जिवंत असताना. वाटेत आपण कुठे चाललो हे मी विसरलो, तर हा कागद मला वाचायला द्यावा. घराची अट ती हीच.

सोलापूर, दि. २० एप्रिल १९७५
(सही) वे. न. मोहोळकर

साक्षीदार पहिले: रुद्रप्पा शिवयोगी हत्तुरे, वय ६८, भवानी पेठ. सही कानडीत. छत्री आणली आहे.

साक्षीदार दुसरी: रंभाबाई धोंडीराम नागणे, मुक्काम होटगी. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. वय विचारले. म्हणाली, "पयल्या पलेगाच्या मागनं दोन वर्सांनी." लेखणी खाली ठेवून मी विचारले, मागनं म्हणजे आधी की नंतर? "नंतर की, गुरुजी. लिवा." वय ७६ लिहिले, आणि तिला वाचून दाखवले.