पुलावर उतरणारी माय

प्रकाशा, ३ फेब्रुवारी २०२५

ती. हेमकांतभाऊस,
प्रतिभाचा शि. सा. न. वि. वि.

तुझा मोबाईल चौकशीवाल्यांनी ठेवून घेतलाय, म्हणून हा कागद. तू चालवत होतास ती मेट्रो बोगद्यात रुळावरून घसरली, पाच माणसं गेली आणि तू वाचलास, एवढं बातम्यांत कळलं. कारण मात्र गावाने केव्हाच शोधलंय. बैलगाडीवाल्या सुपडूबाबांच्या मते चाकाला वंगण नव्हतं, पोऱ्याना काहीच दोष नही शे. रूपचंदकाका केळीचे ट्रक भरतात, ते म्हणतात, माणसं एकाच बाजूला भरली असणार. मायचं म्हणणं, आपण बोअर मारतानाही नारळ फोडतो, एवढा बोगदा खणताना कुणी फोडला होता का.

माय सारखी म्हणते, नोकरी सोड आणि आपल्या केळीच्या मळ्यात ये. तिची भीती तुला माहीतच आहे. तापीचा पूल आला की अजूनही बसमधून उतरते आणि पायी पलीकडे जाते.

लोभ आहे तो ठेव, आणि वेळेवर जेव.
तुझी प्रतिभा

मेट्रो वसाहत, १२ फेब्रुवारी

चि. प्रतिभास, अ. उ. आ.

गावाची समिती इथल्या चौकशी समितीच्या पुढे आहे. इथे आधी चाकांवर संशय होता, मग वेगावर, म्हणजे माझ्यावर. शेवटी रुळाला तडा सापडला. मी ब्रेक वेळेत लावला होता, असं त्यांनी मान्य केलं. रूपचंदकाकांना सांग, माणसं दोन्ही बाजूंना सारखीच होती.

सगळे म्हणतात, सुटलास. पण ती पाच माणसं माझ्या भरवशावर बसली होती गं. परवा रिकामी गाडी चालवायला दिली, तर हात पुढे होईना. एक मार्चला बंद मार्ग पुन्हा सुरू होतोय. तेव्हाही जमलं नाही तर राजीनामा देऊन केळीत येतो. मायच्या मनासारखं होईल.

थोरांना नमस्कार, तुला आशीर्वाद.
हेमकांत

प्रकाशा, २० फेब्रुवारी

ती. भाऊस, शि. सा. न.

मायला पत्र वाचून दाखवलं. वाटलं, पेढे वाटेल. तर ती म्हणाली, घरात भिणारी मी एक आहे तेवढी पुरे. लगेच आबांना तिकिटं काढायला लावली. एक मार्चला ती तुझ्या गाडीत बसणार आहे, तेही पहिल्या डब्यात. सोबत नारळ. आबांच्या मते ती मेट्रोच्या जिन्यावरूनच मागे फिरेल.

तिला सांभाळ, माया असू दे.
प्रतिभा

मेट्रो वसाहत, २ मार्च

चि. प्रतिभास, अ. उ. आ.

स्टेशनच्या पहारेकऱ्याने नारळ आत नेऊ दिला नाही. मायने तो दारातच फोडला आणि अर्धं खोबरं त्यालाच दिलं. मग माझ्या केबिनच्या दाराला पाठ लावून बसली. मागे माय आहे म्हटल्यावर हात गेला पुढे. जिथे घसरलो होतो तिथून गाडी हळू नेली. डोळे भरून आले, ते कुणाला दिसलं नाही. माय सगळी वाट टक्क उघड्या डोळ्यांनी बसली होती म्हणे. मिटलेले होते ते शेजारी बसलेल्या आबांचे.

उतरल्यावर मी म्हटलं, आता तापीचा पूल बसमधून ओलांडशील ना. तर म्हणाली, छे, चालतच जाईन, ती बस काही तू चालवत नाहीस. तेव्हा तिला घ्यायला स्टँडवर जाऊ नकोस, पुलाच्या आपल्या टोकाला थांब.

आहे तसाच लोभ राहू दे.
तुझा भाऊ,
हेमकांत, मेट्रोचालक