सावलीच्या कडेने काढलेली रेघ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, भूमापन कार्यालयातील निवृत्त आरेखक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. छाती तेवढी राहिलेली नाही. तसा डॉक्टरांचा दाखला मागे जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. जेव्हा होते, तेव्हा मी गप्प बसले.

१. दोन खोल्यांचे हे घर पती वारल्यानंतर मी माझ्या पगारातून घेतले. त्यात वडिलोपार्जित काही नाही. हे घर मी शिवणवाल्या बाईंच्या मुलीला देते. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करते. आमचे नाते काहीच नाही. का देते, ते कलम ३ मध्ये आहे. ते वाचल्याशिवाय कोणी तिच्याशी वाद घालू नये.

२. पोलादी पट्ट्या, भिंग आणि कंपासपेटी शेजारच्या सुताराला द्यावी. त्याने ती अनेकदा मागून नेली आणि प्रत्येक वेळी परत केली, असे करणारे या गल्लीत दुसरे कोणी नाही. कपडे वाटून टाकावेत. कलम ३ मध्ये ज्यांचा उल्लेख आहे, ते आमचे त्या वेळचे साहेब अजून हयात आहेत. त्यांना या मृत्युपत्राची एक प्रत घरपोच द्यावी आणि पोच घ्यावी. पोच नसेल तर त्यांना काहीच मिळाल्याचे आठवत नाही.

३. आमचे काम असे होते. विमानातून काढलेली जमिनीची छायाचित्रे संगणकाच्या पडद्यावर यायची. त्यात दिसणाऱ्या बांधांवर बिंदू टाकत जायचे, म्हणजे एकेका तुकड्याची हद्द नकाशात उतरायची. शेवटचा बिंदू पहिल्याला जुळून आकृती बंद झाल्याशिवाय यंत्र तुकडा स्वीकारत नसे. बांध झाडीत किंवा सावलीत लपला असेल, तर तिथे खूण करून मोजणीदाराला जागेवर पाठवायचे, असा नियम होता. माझी रेघ इतकी नेमकी असे की सगळे मला रेघबाईच म्हणत. त्याचा मला गर्व होता, हेही लिहून ठेवते.

तुकडा २१२ वीटभट्टीवाल्याचा, २१३ शिवणवाल्या बाईंचा. छायाचित्र सकाळचे होते. भट्टीवाल्याच्या झाडांची लांब सावली बाईंच्या जमिनीवर पडली होती आणि बांध तिच्याखाली गेला होता. मी खूण करायला घेतली, तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले.

"बाई, एका सावलीसाठी मोजणीदार किती दिवस अडकवणार? बंद करा आकृती."

मी सावलीच्या कडेने रेघ ओढली आणि आकृती बंद केली. अर्धे मिनिटही लागले नाही. बाईंची नऊ पावले रुंद पट्टी आणि त्यातली विहीर भट्टीवाल्याच्या नावावर गेली.

हरकतींची मुदत तीस दिवसांची होती. बाईंना वाचता येत नव्हते. त्या चाळिसाव्या दिवशी आल्या आणि माझ्या टेबलासमोर बसल्या.

"विहीर माझ्या नवऱ्यानं खणली. फोटोत दिसत नाही का?"

"फोटोत जे दिसतं, तेच आम्ही काढतो," मी म्हणाले.

"विमान गेलं तेव्हा मी विहिरीवरच होते. वर बघितलं होतं. म्हणजे मीपण दिसले नसणार."

त्या गेल्यावर मी ते छायाचित्र मोठे करून पाहिले. सावलीत एक फिकट ठिपका होता. तो दगड होता की माणूस, ते मला आजही सांगता येत नाही. मी पडदा बंद केला आणि पुढचा तुकडा घेतला. भट्टीवाल्याने विहिरीभोवती तारेचे कुंपण घातले. उरलेली कोरडी जमीन विकून बाई एका खोलीत राहायला गेल्या आणि डोळे जाईपर्यंत शिवणकाम करत राहिल्या.

४. निवृत्तीनंतर मी आमच्या जुन्या साखळीवाल्याला घेऊन तिथे गेले. हा माणूस तीस वर्षे मोजणीची साखळी ओढत आला होता. त्याने झुडूप कापून हद्दीचा दगड उघडा केला. माझ्या रेघेपासून नऊ पावले. तो दगडावरची माती हाताने पुसत राहिला. मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करावी.

५. त्याच आठवड्यात मी कबुलीचे पत्र लिहिले. माझा मुलगा त्याच कार्यालयात अधिकारी आहे, म्हणून त्याच्या हाती दिले. विचारले की तो म्हणायचा, "चौकशी चालू आहे, आई. वेळ लागतो." मी तीन वर्षे वाट पाहिली. त्याचे घर बदलताना सामान बांधायला गेले, तेव्हा ते पाकीट त्याच्या कपाटात सापडले. चिकटवलेले होते, तसेच.

"एक रेघ चुकली म्हटलं की सगळा नकाशा उघडावा लागेल," तो म्हणाला. "माझी बढती तोंडावर होती. आणि तुझं नाव खराब झालं असतं."

तोवर शिवणवाल्या बाई वारल्या होत्या.

मी त्यांच्या मुलीकडे गेले. ती चादरींच्या घड्या घालत होती, थांबली नाही.

"माफी मागायला आलात?"

"हो."

"कार्यालयात जाऊन मागा. माझ्याकडे मागून कागद बदलत नाही."

मी गेले. मुदत संपली, असे एका ओळीचे उत्तर आले. म्हणून ती कबुली आणि साखळीवाल्याबरोबर मोजून काढलेला कच्चा नकाशा इथे जोडते. मुलीने दावा लावावा, घर विकून वकील करावा, किंवा नुसते इथे राहावे. तिची मर्जी.

६. मुलाला काही ठेवलेले नाही. त्याला स्वतःचे घर आहे, हे एक कारण. राग आहे, तो वेगळा. आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असे वकील म्हणाले. दुसरा साक्षीदार म्हणून मी त्याला बोलावले आहे. कालपर्यंत त्याचे उत्तर आलेले नाही.

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२३, सकाळी अकरा

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार १: (सही) उपचार करणारे डॉक्टर. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: (सही) मुलगा. सही माझ्यासमोर झाली. मजकूर मी पूर्ण वाचला. कलम ५ मध्ये पत्र तीन वर्षे माझ्याकडे होते असे लिहिले आहे, ते चूक आहे. तीन वर्षे आठ महिने होते.