ब्रशाचा घोळ आणि दोन मिनिटं अकरा सेकंद

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझ्या गुडघ्याने आता तरी ऐकायचं मनावर घेतलं असेल, आणि भावजींचा खोकला व रेडिओ दोन्ही हळू आवाजात चालू असतील, असं धरून चालते. इकडे घड्याळजींची (नवऱ्याला मीही आता दुकानातल्या नावानेच हाक मारते) मध्यंतरी तोंड दाखवायची पंचाईत झाली होती. आता ती संपली आहे, आणि तीच बरी होती असं वाटायला लागलं आहे.

झालं असं, की आरोग्य केंद्राने गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी घरच्या घरी करायचं किट पाठवायला सुरुवात केली. (पत्र खाली ठेवू नकोस, ताई. मी तुला ओळखते.) मीही नाव नोंदवलं. टेबलावर चढणं नाही, पडदा नाही, छताकडे बघत पाढे म्हणणं नाही. एक मऊ टोकाचा ब्रश, एक नळी, चित्रांचा कागद आणि परत पाठवायचं पाकीट, बस्स. पण आमचं टपाल येतं दुकानात, आणि घड्याळजींना कुठला ना कुठला व्यापारी नमुन्यादाखल ब्रश पाठवतच असतो. पेटीवरचं नाव वाचायला भिंग कपाळावरून डोळ्यावर ओढावं लागतं. तेवढे कष्ट कोण घेणार? त्यांनी पेटी फोडली आणि त्या ब्रशाने मुख्याध्यापिकाबाईंचं दुरुस्तीला आलेलं भिंतीवरचं घड्याळ आतून लख्ख केलं. वर संध्याकाळी मला सांगतात, असा गुणी ब्रश तीस वर्षांत हाती आला नाही, डझनभर मागवतो! माणूस टापटिपीचा, म्हणून काम झाल्यावर ब्रश पुसून, नळीत घालून, झाकणसुद्धा लावलेलं. मी चित्रांचा कागद पुढे धरला. तिसऱ्या चित्राला ते कानापर्यंत लाल झाले.

मला वाटलं, आता हा विषय घरात बंद. पण दुसऱ्याच दिवशी स्वारी आरोग्य केंद्रात हजर. बायकांच्या रांगेत सव्वा तास उभे राहिले आणि नर्सबाईंना म्हणाले, "बाई, बायकोचं किट माझ्या हातून तेलकट झालं." नर्सबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. मग त्यांनी सगळं नीट समजावलं: हा रोग एका विषाणूमुळे होतो (किटमध्ये तोच शोधतात), वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो, वेळेत कळलं तर थोडक्यात आटोपतो, आणि बायका लाजेपायी येत नाहीत म्हणून हे किट घरपोच. घड्याळजींना गुपचूप बिघडणाऱ्या गोष्टींचा मनापासून राग आहे.

नवं किट आलं. मी न्हाणीघरात, हे दाराबाहेर स्टॉपवॉच घेऊन. (नको म्हटलं होतं.) दुखलं नाही, खुपलं नाही. बाहेरून घोषणा झाली, "दोन मिनिटं अकरा सेकंद!" तेव्हापासून पट्टा बदलायला येणाऱ्या प्रत्येक बाईला हा आकडा ऐकावा लागतो. मुख्याध्यापिकाबाईंनी तर सगळ्या शिक्षिकांची नावं नोंदवली. (त्यांच्या घड्याळात काय फिरलं ते आम्ही पोटात ठेवलं आहे. तूही ठेव.)

सोबत तुझा स्वेटर पाठवते आहे. भावजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. स्वेटरच्या डाव्या बाहीत हात घाल. नर्सबाईंनी तुझं नाव घालून दिलेलं किट आहे. नऊ वर्षांपूर्वी तपासणीच्या बाकावरून तू पिशवी तिथेच टाकून पळालीस, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आता पळायला तुझ्याच न्हाणीघरातून पळावं लागेल.

आणखी एक ता. क. माझा निकाल आला. त्यात विषाणू सापडला आहे. हा कॅन्सर नव्हे, असं नर्सबाईंनी तीनदा सांगितलं, पण नीट बघायला मंगळवारी दहाला बोलावलं आहे. म्हणजे टेबल, पडदा आणि छत. वरचं सगळं हसत लिहिलं हे खरं, आणि मला भीती वाटते आहे हेही खरं. घड्याळजी यायला एका पायावर तयार आहेत, पण ते डॉक्टरांचीही वेळ मोजतील. तू ये, ताई. बाक तोच आहे. या वेळी पिशवी मी धरते, तू माझा हात धर.