डबल स्टँडवरची गाडी

रविवार, संध्याकाळ

संजय सकाळी एकटाच जातो म्हणून मोटरसायकलवरून निघाला आणि खडकवासल्याहून गाडीचा फोटो पाठवला. मागे पाणी, हँडल किंचित वळवलेलं, नेहमीसारखंच. फक्त गाडी डबल स्टँडवर उभी. मणक्याचं दुखणं झाल्यापासून डॉक्टरांनी त्याला गाडी तशी ओढून चढवायला बंदी केली आहे. तेव्हापासून प्रत्येक फोटोत ती साइड स्टँडवर कललेली असते. मग आज चढवली कोणी?

घरी आल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "बरोबर कोण होतं?"

"पाणकावळे होते. नावं विचारायची राहिली."

थट्टेवारी नेऊन टाळतोय का? फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. डबल स्टँडच. इतक्या वर्षांच्या संसारानंतर मी नवऱ्याच्या गाडीची चाकं तपासत बसले आहे. शोभतं का हे मला?

चहाला हाक मारली तर उठेना. खोलीत गेले, तर पालथा पडलेला, पाठीवर शेकायची पिशवी.

"कललेली गाडी फोटोत बरी दिसत नाही गं," एवढंच म्हणाला.

म्हणजे एकटाच होता. मला आधी हायसं वाटलं, त्याची पाठ नंतर आठवली. हा क्रम मला आवडलेला नाही.