दुप्पट भावाचा खर्रा

३ नोव्हेंबर
डॉक्टरांनी तोंड उघडून स्वतःची तीन बोटं आत घालायला सांगितली. दोनच गेली. हा तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा, नाहीतर पुढे वरणही नळीने प्यावं लागेल, म्हणाले. बायको, प्रमिला, शेजारीच होती.
माझी बोटं जाड आहेत, हे डॉक्टरांनी विचारात घेतलं नाही.

४ नोव्हेंबर
सोडायचं ठरलं. पण शास्त्रशुद्ध. पांढुर्ण्याच्या पोरांना इतकी वर्षं अर्थशास्त्र शिकवतो: भाव वाढला की मागणी घटते. व्यसनी माणूसही हिशेबी असतो, असा सिद्धांत आहे. उद्या महाग होणार हे कळलं की तो आजच हात आखडतो. पानठेल्यावर हेमराजला सांगून आलो, उद्यापासून माझ्याकडून दुप्पट घ्यायचे.
आज तीन झाले. जुन्या भावातले शेवटचे.

६ नोव्हेंबर
दुप्पट दिले. पुडी जड लागली. हेमराजला विचारलं.
"सर, दुप्पट घेऊन तेवढाच देऊ का? पाप लागते."
त्याला मागणीचा नियम नीट समजावला. त्याने प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत सगळं ऐकलं. वर सुपारी आणखी टाकली.

९ नोव्हेंबर
पुडी मोठी, म्हणून स्टाफरूममध्ये वाटून खातो. म्हणजे माझा वाटा कमी. पण कवडू सर कोणाचं फुकट खात नाहीत. आता तेही रोज आणतात. समोर केलेला खर्रा नाही म्हणणं बरं दिसत नाही.

१५ नोव्हेंबर
तोंडाची आग होते. प्रमिलाने भाजीत तिखट घालणं बंद केलं. मला विचारलं नाही. तीही बिनतिखटाचंच जेवते.
नागपूरहून हिमानीचा फोन. बाबा, किती बोटं जातात आता? तीन, सांगितलं. प्रमिला फोन घेऊन आत गेली.

२१ नोव्हेंबर
पेपर तपासायला सौंसरला. अनोळखी गाव, अनोळखी ठेला, गप्पा नाहीत. मोह होण्याचं कारणच नव्हतं. भाव विचारला फक्त. आपल्यापेक्षा निम्म्याने स्वस्त. एवढी बचत समोर दिसत असताना सोडणं शहाणपणाचं नव्हतं. दोन घेतले.

३० नोव्हेंबर
रामाकोन्याहून मेव्हण्याने बागेतली संत्री पाठवली. फोड तोंडात जाईना. प्रमिलाने ती माझ्या हातातून घेतली, बी काढलं, दोन तुकडे केले. हिमानी लहान होती तेव्हा करायची तसं.
अवंदा फोडी मोठ्या आल्या, मी म्हणालो.
"हो," ती म्हणाली. "तुमच्या एकट्यासाठी मोठ्या होऊन राहिल्या."
आणि पुढचं संत्रं सोलायला घेतलं.
दुप्पट भाव कमी पडला, दुसरं काही नाही. उद्या हेमराजला तिप्पट सांगून पाहतो.