चारशे बारा पास

सांगली,
२९ सप्टेंबर १९९८

ति. सौमित्रदादास,

तुझ्या मामेबहिणीचा, म्हणजे ज्ञानदाचा, नमस्कार. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? पुण्यात तुम्ही सुखात असालच. इकडे आम्ही तुझ्या कृपेने गाजतो आहोत.

चाचण्या घेणाऱ्या सॉफ्टवेअरची, तू शिफारस करून पाठवलेली पाचवी आवृत्ती पोचली. आम्ही साखर कारखान्यांसाठी वजनकाट्याचा प्रोग्रॅम लिहितो हे तुला ठाऊकच आहे. त्यात काही बदललं की हे सॉफ्टवेअर आपणहून आकडे भरतं, आलेलं उत्तर ताडून बघतं आणि पास की नापास ते लिहितं. अशा चारशे बारा चाचण्या मी तीन वर्षं खपून चौथ्या आवृत्तीत लिहिल्या होत्या. त्या संपायला पाऊण तास लागायचा आणि पाच-सहा तरी नापास व्हायच्याच. पाचवीनं सगळ्या दीड मिनिटात उरकल्या. चारशे बारा पास. आमचे मालक भाऊसो (ज्यांना कॉम्प्युटरचं फक्त चालू-बंदचं बटण कळतं, आणि तेही ते भलत्या वेळी दाबतात) म्हणाले, "नवी लय चपळ हाय," आणि पेढे मागवले. मला शंका आली होती. पण पेढे साताऱ्याचे, कंदी. दोन खाल्ले आणि त्यांच्याबरोबर शंकाही गिळली.

पुढच्या सोमवारी भाऊसो आणि मी प्रोग्रॅम दाखवायला एका कारखान्यावर गेलो. ऊस अजून शेतातच, म्हणून तिथले काटावाले तात्याबा यांनी वाळूची ट्रॉली काट्यावर चढवली, आधी भरलेली, मग रिकामी. पडद्यावर आलं: वजा चार टन. (पाचवी आली त्याच आठवड्यात मी भरलेलं आणि रिकामं वजन भरायचा क्रम बदलला होता. वजाबाकी मात्र उलटायची राहिली.) तात्याबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि शांतपणे विचारलं, "म्हंजी बाई, आता कारखान्यानं शेतकऱ्याला ऊस द्यायचा व्हय?"

ऑफिसात आल्यावर मी एक नवी चाचणी जुन्या पद्धतीनं लिहिली: दोन अधिक दोन बरोबर म्हैस. पाचवीनं पास केली. मग उलगडा झाला. नव्या आवृत्तीत आज्ञांची नावं बदललीत. जी ओळ कळत नाही ती ही बया सोडून देते, आणि काहीच तपासलं नाही म्हणून काहीच चुकलं नाही, असं समजून पास लिहिते. (आपल्या नात्यातल्या दोन शिक्षकांची आठवण झाली.) भाऊसोंचा तोडगा ऐक: "दोन्ही ठेवा. जुनी खरं सांगायला, नवी पाव्हण्यांस्नी दाखवायला."

मी ऐकलं नाही. बारा दिवस बसून सगळ्या चाचण्या नव्या आज्ञांत लिहिल्या. सदुसष्ट नापास झाल्या. भाऊसो म्हणाले, "मग तेवढ्या काढून टाका की." मी प्रोग्रॅमच दुरुस्त केला. काल तात्याबांनी तीच ट्रॉली तीनदा चढवली, तिन्ही वेळा वजन सारखं आलं, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. दादा, तू मात्र एवढं घोळाचं सॉफ्टवेअर न बघता गळ्यात मारलंस, हे मी विसरणार नाही.

तुझी,
ज्ञानदा

ता. क. सहावी आवृत्ती निघाली आहे म्हणे. पाठवू नकोस.

ता. क. दुसरा. पाचवीच्या खोक्यात एक पिवळा कागद होता. जुन्या आज्ञा चालणार नाहीत, असं त्यावर ठळक छापलं होतं. मी त्यावर पेढे ठेवले होते. असा कागद आलाच नाही, असं भाऊसोंना सांगून बसले आहे. ते गुरुवारी तुला फोन करणार आहेत. तूही तेच सांग.